खांबावरचा कामचुकार

गावाचं नाव मी सांगणार नाही. ते आंबेगाव तालुक्यात आहे की जुन्नर तालुक्यात, हेही नाही. घोड नदीच्या अंगाला आहे की कुकडीच्या, असं विचारलंत तर मी तोंडभर हसून उत्तर देईन आणि ते खोटं असेल. आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी वेगवेगळ्या दिशांना पिटाळलंय. पुण्याचे एक प्राध्यापक माझ्या भरवशावर एका गावात गेले, दिवसभर प्राचीन शिल्पं शोधली आणि त्यांना एक पोल्ट्री सापडली. येताना अंडी घेऊन आले, म्हणजे अगदीच रिकाम्या हातानं आले असं नाही.

असं का करतो ते सांगतो. पण आधी राग सांगायला हवा. तो जुना आहे आणि त्याला बाहेर यायची घाई झालेली आहे.

मंचरला माझं मोटारी रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. वीज कमी-जास्त झाली की विहिरीवरच्या मोटारी जळतात, आणि आमच्याकडे वीज कमी-जास्त होण्यापलीकडं दुसरं काही करत नाही. त्यामुळं नव्वदीच्या सालांत दोन्ही तालुक्यांत अशी विहीर नव्हती जिच्या मोटारीच्या पोटात माझा हात गेला नव्हता. शेजारी शेठचं कापडाचं दुकान. शेठचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा रांगडं. ज्या गावाच्या हवेलासुद्धा कांद्या-बटाट्याचा वास येतो, त्या गावात जन्मून या माणसानं उभ्या आयुष्यात ना कांदा खाल्ला ना बटाटा. आणि खोटंही कधी बोलला नाही. कापडाच्या धंद्यात खोटं न बोलता माणूस कसा जगतो, हे माझ्या मते आपल्या भागातलं खरं आश्चर्य आहे. लेणी त्याच्या नंतर.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळची एसटी धरायचो, मनाला येईल तिथं उतरायचो आणि चालायला लागायचो. जुनं जे दिसेल ते बघायचं. लेणी, बारवा, घुमट, पडक्या गढ्या, ओढ्याकाठची काळ्या दगडाची देवळं. पोराबाळांची माणसं आम्ही, घरचे म्हणायचे यांना लागलंय तरी काय. लागलं काही नव्हतं. मला गोष्टी सांगायला नवीन जागा लागायच्या आणि शेठला त्या दुरुस्त करायला.

नाणेघाटात मी दरीत टोपी फेकली तर वाऱ्यानं ती परत आणून माझ्याच डोक्यावर घातली, फक्त उलटी. ही गोष्ट मी महाळुंगे पडवळच्या एका लग्नाच्या पंगतीत सांगत होतो, तर शेठ पानावरून मान वर न करता म्हणाला, "डोक्यावर नाय. पायापाशी पडली." जुन्नरजवळच्या एका घुमटात शेठ शिंकला, त्या शिंकेचा आवाज आम्ही डबा खाऊन हात धुवेपर्यंत आत फिरत होता, असं मी सांगितलं की तो म्हणायचा, "राव, निम्मं करा." हे त्याचं पालुपद होतं. मी काहीही बोललो की निम्मं करा. पुढं पुढं लोक माझी गोष्ट ऐकायचे आणि शेठकडं बघायचे. शेठनं मान हलवली तरच ती खरी.

आता राग. या दोन तालुक्यांत कुठंही फावडं मारा, खाली कुणीतरी कधीतरी कोरलेलं काहीतरी निघतं. आणि त्याचीच आम्हाला किंमत नाही. लेण्यात जावं तर भिंतीवर बाण घुसलेलं बदाम आणि दोन नावं. ज्याला दहावीला मराठीत पास होता आलं नाही, त्यानं दोन हजार वर्षांच्या दगडावर स्वतःचं नाव ठसठशीत अक्षरात कोरलंय. वीर मेला म्हणून उभा केलेला दगड आडवा करून त्यावर धुणं आपटतात. बारवेच्या कोनाड्यात मूर्ती होती, आता तिथं मोटारीचा स्टार्टर आहे, आणि तो जळला की मला बोलावतात. मी जातो, स्टार्टर काढतो आणि मूर्ती कुठं गेली म्हणून असा भांडतो की पुढच्या वेळी ते दुसऱ्याला बोलावतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशी तुटली. शेठ म्हणेल निम्म्याचं निम्मं करा. बरं, पाव.

पण हा सगळा राग एकीकडं आणि त्या देवळाचा एकीकडं.

ते देऊळ पहिल्यांदा बघितलं तेव्हा नव्वदी नुकतीच लागली होती. लहानसं शंकराचं देऊळ, काळाभोर दगड, पुढं खांबांचा मंडप. मागच्या अंगाला कुणीतरी विटांची भिंत घालून भंडाऱ्याची भांडी ठेवायची खोली केलेली, तिला कुलूप. बाकी सगळं जसं बांधलं तसं. उन्हाळ्याचे दिवस होते, आत इतकं गार की मी म्हणालो इथं दूध ठेवलं तर कुल्फी होईल. शेठनं नेहमीचं उत्तर दिलं, खाकरा खाल्ला आणि पाठ धरली म्हणून फरशीवर उताणा पडला. जरा वेळानं म्हणाला, "राव, हा गडी काम करत नाय."

मी वर बघितलं. अशा देवळात प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चारी दिशांना चार बुटके कोरलेले असतात. पोटं सुटलेली, गाल फुगलेले, दोन्ही हात वर करून ते छप्पर पेलत असतात. सगळीकडं असतात. पण या खांबावरचा दाराकडं तोंड असलेला बुटका एकाच हातानं छप्पर धरून होता. दुसऱ्या हातानं तो काख खाजवत होता. बाजूचे दोघं डोळे बाहेर येईस्तोवर जोर लावतायत, आणि याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू. तेवढं हसू कोरायला त्या कारागिराला किती दिवस लागले असतील आणि तो स्वतः किती वेळा हसला असेल, देव जाणे.

"चौथा कुठाय?" शेठनं विचारलं. खांबाची मागची बाजू भिंतीपलीकडं, त्या कुलूपबंद खोलीत गेली होती.

"चौथा आत भांडी घासत असेल," मी म्हणालो.

माझे वडील मंचरच्या बाजारात हमाल होते. मानेवर गोणी आणि ती धरायला वर गेलेले दोन्ही हात, हेच त्यांचं मला आठवणारं चित्र. लहानपणी मला वाटायचं, यांना खाज सुटत असेल तेव्हा हे काय करत असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, "गोणी उतरली की खाजवायचं." ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि इथं कुण्या जमान्यातला एक हमाल गोणी न उतरवता मजेत खाजवत होता, आणि छप्पर काही पडलं नव्हतं. मला तो गडी फार आवडला. इतका की पुढं आम्ही कुठंही निघालो तरी वाट वाकडी करून त्याला भेटून यायचो. शेठ त्याला कामचुकार म्हणायचा. "चला, कामचुकाराची हजेरी घेऊ."

मग एका वर्षी गेलो तर देऊळ चंदेरी झालेलं.

म्हणजे ऑइल पेंट. पायरीपासून कळसापर्यंत. जत्रा जवळ आली होती, आणि त्या गावात जत्रेआधी देवळाला रंग मुंबईकरांनी आणायची रीत पडली होती. गावातली निम्मी घरं नोकरीसाठी मुंबईत, आणि ज्याच्या कारखान्यात जो रंग उरेल तो देवाला. गोदीतल्यांची पाळी असली की देऊळ जहाजासारखं दिसायचं. बसच्या डेपोतल्यांची असली की लालभडक, नंदीला घंटी मारावी आणि तिकीट मागावं असं. एका वर्षी कुणी रुग्णालयात कामाला होतं, तेव्हा गाभाऱ्याला असा हिरवा फासला की दर्शनाला गेलेला माणूस आपोआप बाही वर करून उभा राहायचा. हसू नका. मी हसत नाही. प्रत्येक वर्षी एक हात रंग, आधीच्यावर नवा. बुटक्यांचे डोळे भरले. मग ओठ भरले. कामचुकाराचं हसू ज्या वर्षी बुजलं त्या वर्षी मी मंडपात उभा राहून अशा शिव्या दिल्या की वटवाघळांनी जागा सोडली. कुणा कलावंतानं त्याला मिशा काढल्या होत्या, आणि खाजवणाऱ्या हाताच्या मनगटावर पिवळ्या रंगानं घड्याळ.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष भेटले. नाना म्हणायचे सगळे त्यांना. उसाचे शेतकरी, पांढरं धोतर, मनानं इतका भला माणूस की त्याच्याशी भांडताना आपलीच लाज वाटावी. हीच तर पंचाईत. बदमाश माणूस असता तर मी पहिल्याच वर्षी जिंकलो असतो.

"कसं झकास दिसतंय बगा, पावणं," नाना म्हणाले.

"नाना, दगडाला रंग कशाला?"

"मंग उगडं ठिवायचं व्हय देवाला? तुमी घालता ना कापडं?"

"देवाला नाही, खांबांना लावलाय तुम्ही. त्या बुटक्याच्या तोंडावर बघा. हसत होता तो."

नाना मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "हसत व्हता? काय बोलता. आमी तर कदी बगितलं न्हाई." मग मिशा बघून खूश झाले. "आता तर रुबाबदार दिसतोय की. फौजदारावाणी."

"त्याचे डोळे बुजले, नाना."

"डोळं काढलं व्हतं म्हन मागल्या साली काळ्या रंगानं. पुसलं वाटतं. सांगतो त्यांना. चला, च्या घ्या."

दर वर्षी हेच. मी भांडायचो, नाना चहा पाजायचे. सात-आठ वर्षांत मी त्या घरी एवढा चहा प्यालो की त्यांच्या म्हशीनं मला ओळखायला सुरुवात केली. पुण्याला एका कार्यालयातही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी पंख्याखाली बसून नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे देऊळ आमच्याकडं येत नाही. मी म्हणालो, देऊळ येणार नाही, तुम्हाला जावं लागेल. तेव्हा त्यांनी शिपायाला बोलावलं.

शेवटी मी माझ्या हातात जे हत्यार होतं ते काढलं.

तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. जत्रेला दीड-दोन महिने होते. नानांच्या ओट्यावर कमिटीची माणसं बसलेली. मी आवाज खाली घेतला, मला आवाज खाली घेता येतो हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, आणि सांगितलं की दगड श्वास घेतो. काळा दगड जास्त. म्हणून तर देवळात गार लागतं, तो दगडाचा श्वास असतो. तुम्ही त्याची नाकपुडी बंद केली. बुटक्यांचं नाक-तोंड बुजलंय, गाल फुगलेत, आत दम कोंडलाय. एक दिवस त्यांच्यातल्या एकाला शिंक येणार. आणि शिंकताना माणसाचा हात आपोआप खाली येतो, बघा कधी. एकाचा हात खाली आला की दुसऱ्यावर भार. जत्रेच्या दिवशी मंडपात किती माणूस असतं, नाना?

ओट्यावरच्या एकानं हळूच स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला.

नाना शेठकडं वळले. "खरं का वो, शेठ?"

मी मनात म्हणालो, आता हा म्हणणार निम्मं करा. शेठनं चहाची बशी खाली ठेवली. "शिंकंचं मला नाय माहीत," तो म्हणाला. "पण रंगानं दगड खराब व्हतो, हे खरं हाय."

तेवढं पुरलं. "मंग काडू की," नाना म्हणाले. "माणसाच्या जीवापरास रंग मोटा हाय का?"

मी त्यांना सगळं समजावलं, हे लिहून ठेवा. रंग मऊ करायचं औषध मिळतं, ते लावायचं. थांबायचं. मऊ कुंचल्यानं, लाकडी काडीनं हळूहळू सोडवायचा. लोखंड लावायचं नाही. एका बुटक्याला एक पूर्ण दिवस द्यायचा. मी दर सुट्टीला येईन, शेठ येईल, आम्ही आमच्या हातानं करू, तुम्ही फक्त शिडी द्या. नाना प्रत्येक वाक्याला हो म्हणाले. येताना मी एसटीत गाणं म्हणत होतो. शेठनं तेही निम्मं करायला सांगितलं.

दोनच सुट्ट्या चुकल्या. लग्नसराई, शेठच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्याकडं मोटारींची रांग. तिसऱ्या वेळी आम्ही औषधाचे डबे, कुंचले, काड्या असं सगळं घेऊन निघालो. गाव दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. दात कोरणाऱ्या डॉक्टरचं मशीन असतं, तसा, पण हत्तीचे दात कोरत असल्यासारखा.

शेठ थांबला. "राव, हे काय?"

मी धावायला लागलो. मी धावलोय असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

मंडपातून पांढऱ्या धुळीचे ढग बाहेर येत होते. आत शिडीवर एक माणूस, तोंडाला फडकं, डोळ्याला गॉगल, पायापासून डोक्यापर्यंत पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा. नव्या बंगल्यांच्या फरशा घासून देणारा कारागीर होता तो, माझ्या ओळखीचा, त्याच्या हातातल्या ग्राइंडरची मोटार मीच एकदा भरून दिली होती. म्हणजे ज्या यंत्रानं ते काम झालं ते माझ्याच हातच्या दुरुस्तीवर चालत होतं. ह्याचा राग मी कुणावर काढायचा तेवढं मला कुणी सांगा.

त्यानं मशीन बंद केलं. धूळ बसली. खांब उघडे झाले होते. एकावरही रंगाचा ठिपका नव्हता. नक्षीचाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे गुळगुळीत, फिक्कट राखाडी खांब. मी कामचुकाराच्या खाली जाऊन वर बघितलं. पोट होतं. हात कुठला आणि काख कुठली ते कळत नव्हतं. तोंडाच्या जागी मंचरच्या बाजारातला सोललेला बटाटा होता.

नाना हात पुसत आले. डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "पावणं, या. बगा, सगळ्यांचा श्वास मोकळा केला."

"नाना, मी काय सांगितलं होतं? काडीनं. कुंचल्यानं."

"व्हय, पर तुमी म्हणला एकाला एक दिस. जत्रा कवा व्हायची मंग? आन तुमीच म्हणला, शिंक कदी बी येईल. वाट बगून कसं चालंल?" त्यांनी खांबावर हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "लई गुळगुळीत झालंय. पोरांना लागाया नको काय. सिमेंटच्या देवळावानी नवंकोरं दिसतंय."

लोक आजही मला म्हणतात, चूक तुझीच. तूच त्यांना शिंकेची भीती घातलीस. माझी काडीचीही चूक नाही. मी काढा म्हणालो होतो, घासा म्हणालो नव्हतो. आमच्याकडं कुणीही काहीही हळू करू शकत नाही, हा काय माझा गुन्हा आहे? काही शतकं ते देऊळ उन्हापावसात उभं राहिलं. माकडं नाचली, वटवाघळं लोंबली, ओढ्याला पूर आला. कुणी त्याचं वाकडं केलं नाही. ते वाकडं करायला प्रेम लागलं. आमच्या लोकांचं प्रेम. एखादी जुनी गोष्ट आम्हाला आवडली की तिचं आता काही खरं नाही. आवडली नाही तर निदान विसरतात, आणि विसरल्यामुळं ती वाचते. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. शेठ, इथं निम्मं करायचं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. दोन्ही तालुक्यांत माझ्याइतकं बोलणारा माणूस नसेल, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. घशात धूळ गेली होती. तो कामचुकारच असेल, त्याचाच भुगा. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. नाना घाबरले.

"धूळ हाय हितं. शेठ, त्यांना आत घेऊन बसा भांड्याच्या खोलीत. पाणी देतो धाडून."

नानांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, दिवा लावला आणि पाण्याला माणूस पाठवायला गेले. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो. भंडाऱ्याची मोठमोठी पातेली एकात एक घालून जवळजवळ छतापर्यंत रचलेली, बाजूला गुंडाळलेल्या सतरंज्या, भोंगे, पालखीचे दांडे. मी सतरंजीवर बसलो आणि खोकत राहिलो. बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं.

शेठ बसला नाही. तो पातेल्यांच्या मागं मान घालून वर बघत होता.

"राव," तो हळू म्हणाला. "चौथा."

मी उठलो. पातेल्यांची चळत आणि विटांची भिंत यांच्या मधल्या फटीतून वर बघितलं. तिथं त्या खांबाचा मागचा भाग होता. काळा. कोळ्याची जाळी होती, पण रंग नव्हता. रंगवणाऱ्यांनीही कुठल्याच वर्षी एवढी भांडी हलवायचे कष्ट घेतले नव्हते. आणि खांबाच्या डोक्यावर चौथा बुटका.

त्यानं छप्पर धरलेलंच नव्हतं. एकही हात वर नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून, एका खांद्यावर मान टाकून, तोंड अर्धवट उघडं, तो गाढ झोपला होता. खालचा ओठ किंचित लोंबलेला, तिथं सावली साठलेली. दाराकडच्या गड्यानं निदान एक हात लोकांना दाखवायला वर ठेवला होता. हा मागच्या अंधारात होता, कुणी बघणार नव्हतं, तर कारागिरानं याला सरळ सुट्टी दिली होती.

माझा खोकला थांबला होता. शेठनं माझा दंड धरला होता, आणि शेठ कुणाला हात लावणाऱ्यातला नाही.

बाहेर मशीन बंद झालं. पावलं वाजली. आम्ही दोघं एकदम फटीपासून बाजूला झालो. नाना पाण्याचा तांब्या घेऊन स्वतःच आले होते, त्यांच्या मागं गॉगल कपाळावर चढवलेला तो फरशीवाला.

"बरं वाटतंय का पावणं? हे इचारत्यात, खोलीत बी खांब येतो ना, तिकडं काय रंग ऱ्हायलाय का? मशीन हाय तंवर तेबी घासून टाकू. भांडी काडाया पोरं बोलावतो."

"काही नाही, नाना," मी म्हणालो. "आत काही नाही."

आयुष्यात सांगितलेली ही माझी सगळ्यात छोटी थाप. आणि अशी वेळ की तिच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. नाना हसले. "तुमचं काय खरं, पावणं. तुमची टोपी वाऱ्यानं परत येती." ते शेठकडं वळले. "शेठ, तुमी सांगा. तुमी बगितलं का मागं?"

शेठनं नानांच्या हातातून तांब्या घेतला, उंचावरून तोंडात पाण्याची धार धरली आणि सावकाश प्याला. मला वाटलं हा माणूस आता सगळा तांब्या संपवणार.

"बगितलं," तो म्हणाला. "सपाट दगड हाय. त्याच्यावर कायबी नाय."

"रंग?"

"रंग बी नाय, नक्षी बी नाय. कशाला पोरांना तरास."

नानांनी मान हलवली आणि फरशीवाल्याला म्हणाले, "शेठ म्हणत्यात म्हणजे न्हाई. आवर तुझं." दिवा बंद झाला, कुलूप लागलं.

परतताना एसटीच्या फाट्याजवळ आल्यावर शेठ म्हणाला, "पातेली कमी झाली तर दिसंल तो."

मीही तोच विचार करत होतो.

तेव्हापासून दर वर्षी जत्रेच्या आधी आम्ही दोघं त्या देवस्थानाला एक पातेलं देतो. मोठ्यात मोठं, दुकानात मिळेल तेवढं. नाना दोन्ही हात जोडून घेतात, भाविक माणसं म्हणून आमचं कौतुक करतात, आणि ते पातेलं त्या चळतीवर चढतं. आता ती चळत छताला टेकली आहे, खांब पुरता झाकला गेलाय. भांडं दिलं की त्यावर नाव घालायची पद्धत आहे, त्यामुळं आमची नावंही त्या देवळात आहेत. अ‍ॅल्युमिनियमवर. दगडावर नावं कोरणाऱ्यांना मी एवढ्या शिव्या दिल्या, आणि शेवटी माझंही नाव देवळात गेलंच, ह्याचाही मला राग येतो.

मंडपात मी जात नाही. गेलो तर तो बटाटा दिसतो. बाहेरूनच हात जोडतो, पातेलं उतरवून देतो, आणि पोरांनी ते नीट उभं रचलं की नाही हे शेठ आत जाऊन बघून येतो. येताना त्याला मी विचारतो, "झोपलाय का?"

"झोपलाय," शेठ म्हणतो, आणि आम्ही चालायला लागतो.